दाजी धुरी आणि बदामी रंगाचा प्लग

रविवारी उशिरापर्यंत झोपणं हा माझा एकमेव छंद होता. मुलुंडला राहायला गेलो आणि दाजी धुरींनी तो मोडीत काढला.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. आमचं लग्न नुकतंच झालं होतं. मुलुंड पश्चिमेच्या एका तीन मजली सोसायटीत तळमजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर मिळालं, म्हणून शुभा आणि मी भलतेच खुशीत होतो. जागा दाखवणाऱ्याने हवा, पाणी, स्टेशन, मंडई सगळ्याचं गुणगान केलं होतं. खिडकीबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली काय आहे, हे मात्र त्याने सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नाही.

पहिल्याच रविवारी सकाळी उशाशी आवाज आला.

"बा देवा म्हाराजा! बारा वाडीच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा!"

आणि वरच्या गॅलऱ्यांतून एका सुरात उत्तर आलं, "व्हय म्हाराजा!"

मी दचकून उठलो. खिडकी उघडली तर खाकी अर्धी चड्डी आणि बनियन घातलेले एक ठेंगणे, काळेसावळे, भरल्या अंगाचे गृहस्थ डोळे मिटून, हात जोडून उभे होते. समोर देव वगैरे काही नव्हता. एक जुनी, प्रचंड मोटारसायकल होती आणि तिच्या पेट्रोलच्या टाकीवर जास्वंदीचं फूल वाहिलेलं होतं.

"ह्या तुझ्या लेकरान आज इंजिनाक हात लावलेलो आसा. काय चुकला माकला आसात तर पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"डाव्या सिलिंडराक आणि उजव्या सिलिंडराक एका मताचे कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

एवढं झाल्यावर त्या गृहस्थांनी डोळे उघडले, मला पाहिलं, "नमस्कार, मी धुरी, दुसऱ्या मजल्यावर असतो," असं म्हटलं आणि किक मारली. आमच्या मांडणीवरचा एक पेला खाली पडला. दाजी धुरींशी माझी ओळख झाली ती अशी.

कोकणात कुठल्याही शुभकार्याला देवापुढे गाऱ्हाणं घालतात, हे मला ऐकून माहीत होतं. पण मोटारसायकलचं गाऱ्हाणं घालणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. दाजींचे वडील गिरणीत होते. गिरणीतल्या खात्यात मशीन बंद पडलं की आधी नारळ, मग पाना, असा त्यांचा क्रम होता म्हणे. दाजींनी तो पुढे चालवला. फरक एवढाच की नारळाऐवजी जास्वंद. "दर आयतवारी नारळ फोडायचा तर रोज सोलकढीच प्यावी लागेल," असं त्यांचं म्हणणं.

ते मुलुंडच्याच एका बिस्किटांच्या कारखान्यात भट्टीवर सुपरवायझर होते. त्यांच्या अंगाला, शर्टाला, छत्रीलासुद्धा भाजलेल्या पिठाचा आणि व्हॅनिलाचा वास यायचा. ते जिना चढून गेले की मागे थोडा वेळ जिन्याला भूक लागल्यासारखं वाटायचं. भट्टीतून पट्ट्यावर बाहेर येणाऱ्या बिस्किटांचा रंग बघणं हे त्यांचं काम. फिकं म्हणजे कच्चं, लालसर म्हणजे करपलेलं. मधला जो एक रंग असतो, त्याला ते 'बदामी' म्हणत, आणि ते हा शब्द देवाचं नाव घ्यावं तसा उच्चारत.

भट्टीवर इतकी वर्षं काढल्यामुळे जगाकडे बघण्याची त्यांची तऱ्हाही तशीच झाली होती. माणसांचे त्यांच्या लेखी तीनच प्रकार. सोसायटीचे सेक्रेटरी कर्णिक हे करपलेले. शुभा 'अगदी बदामी'. मी आतून ओला. "वाईट वाटून घेऊ नका साठेनू," ते म्हणायचे, "आतनं ओलं असलेलं अजून पाच मिनिटं ठेवता येतं. करपल्यावर उपाय नाही." कोणी नोकरी सोडायची घाई केली, कोणी मुलीचं लग्न घाईने ठरवलं, की दाजींचं ठरलेलं वाक्य यायचं, "जाळ वाढवून भाजलेलं वरनं लाल नि आतनं कच्चं." हे वाक्य मी पुढे ऑफिसात माझं म्हणून पुष्कळ वापरलं.

कारखान्याच्या नियमाप्रमाणे रंगात नापास झालेली बिस्किटं कामगारांना घरी न्यायला मिळत. दाजींच्या घरून शनिवारी संध्याकाळी सगळ्या बिऱ्हाडांत एकेक पुडा जायचा. त्यामुळे आमच्या सोसायटीत बिस्किट विकत आणणं हा उधळेपणा समजला जाई. पाहुण्यांना आम्ही तीच द्यायचो. चव उत्तम असायची. पाहुण्यांना काय कळतंय?

मोटारसायकल इंग्लिश बनावटीची होती, दोन सिलिंडरची. कारखान्यातला एक जुना अँग्लो-इंडियन इंजिनियर देश सोडून जाताना ती दाजींच्या हवाली करून गेला होता. 'हिला तू उपाशी ठेवणार नाहीस,' असं तो म्हणाला होता, असं दाजी सांगत. तो नक्की काय म्हणाला हे आता कोण तपासणार? दाजींचं इंग्रजी बेताचं होतं आणि त्या साहेबाला मालवणी येत नव्हतं.

तिच्या आवाजाबद्दल कर्णिकांनी एकदा सोसायटीच्या सभेत रीतसर तक्रार केली. दाजी शांतपणे उभे राहिले आणि म्हणाले, "तुम्ही सांगाल तर उद्यापासून बंद. पण न चाखता नापास करू नका. एकदा मागे बसून बघा." सभेसमोर नाही म्हणायची चोरी झाली, म्हणून कर्णिक बसले. अर्ध्या तासाने परत आले तेव्हा त्यांचे विरळ केस सगळे उभे होते आणि ते चक्क हसत होते. हायवेवर दाजींनी त्यांना काय दाखवलं देव जाणे. पुढच्या सभेत 'मोटारसायकल रविवारी नऊनंतरच चालू करावी' असा ठराव कर्णिकांनी स्वतः मांडला आणि खाली बसताना माझ्या कानात म्हणाले, "काय पळते हो ती!"

सगळी सोसायटी अशी दाजींच्या बाजूने होती. एकच माणूस विरोधात होतं आणि ते त्यांच्याच घरात होतं.

धुरीवयनी उंच, शिडशिडीत, कमी बोलणाऱ्या. दर रविवारी गाऱ्हाणं चालू झालं की त्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या. सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणायचे तेव्हा त्या एक खडा उचलून बाहेर टाकायच्या. तो बहुतेक वेळा शेडच्या पत्र्यावर पडायचा.

त्याचं कारण विक्रोळीचं फाटक. आम्ही राहायला यायच्या आधीची ही हकीकत, पण ती इतक्या जणांनी सांगितली की मी तिथे हजर होतो असंच मला वाटतं. वयनींच्या भावाच्या मुलाचं बारसं होतं. नवी इरकली नेसून, हातात चांदीची वाटी घेऊन वयनी मागे बसल्या. फाटक उघडलं, दोन्हीकडची गर्दी सुटली आणि बरोबर रुळांच्या मधोमध गाडी दोनदा खोकली आणि बंद पडली. मागून हॉर्न, पुढून शिव्या, फाटकवाला हातवारे करतोय. दाजी किकवर किक मारताहेत. शेवटी वयनी उतरल्या, वाटी कमरेला खोचली आणि त्यांनी ते धूड ढकलत रुळांपलीकडे नेलं. तेवढ्यात गाडी चालू झाली आणि तिने जो काळा धूर सोडला तो सगळा इरकलीवर. बारशाच्या फोटोत वयनींच्या निऱ्यांवर काळे शिंतोडे दिसतात. त्या दिवशी परत येताना त्या चालत आल्या आणि दारात शिरताना एवढंच म्हणाल्या, "तिचो खोकलो बरो होयसर मी मागे बसाचंय नाय."

दाजी मोटारसायकलचं जे काही करत होते ते या एका वाक्यामुळे करत होते. वरवर पाहणाऱ्याला तो छंद वाटे. पण आपली बायको आपल्या मागे बसत नाही, हे त्या माणसाला सलत होतं. मागच्या सीटवर त्यांनी कधी कोणाला चिखलाचा पाय ठेवू दिला नाही. रविवारी सगळी गाडी पुसून झाली की शेवटी ती सीट पुसायचे आणि पुसताना एकदा वर गॅलरीकडे बघायचे.

अशात वयनींच्या थोरल्या बहिणीने बोरिवलीला जागा घेतली. दिवाळीनंतरच्या एका रविवारी वास्तुशांत ठरली. मुलुंडहून बोरिवलीला जायचं म्हणजे दादरला जाऊन उलटं वर यायचं, अर्धा दिवस त्यातच मोडतो. दाजी जेवताना म्हणाले, "घोडबंदरवरना जावया. खाडीच्या कडेकडेन. तुका मोटारसायकलीर बसवन नेतंय." वयनी म्हणाल्या, "वास्तुशांतीक माका वेळेर पोचाक व्हया. खोकली तर मी ट्रकात बसान जायन." हा संवाद दुसऱ्या दिवशी सोसायटीत सगळ्यांना पाठ होता. दाजींनी एवढंच हेरलं की ती 'नाही' म्हणाली नव्हती.

खोकल्याचं मूळ त्यांनी शोधून काढलं होतं. इंजिनाकडे जाणारी हवा गाळणारा एक पत्र्याचा डबा होता. आतलं नमद्याचं, म्हणजे जाड लोकरी कापडाचं, अस्तर कुजून त्याचा भुगा झाला होता आणि तो भुगा इंजिनाच्या घशात जात होता. तसला डबा मिळणं शक्य नव्हतं. दाजी कुर्ल्याच्या जुन्या बाजारात दोन शनिवार हिंडले आणि जाळीचे दोन नवे, निमुळते एअर फिल्टर घेऊन आले. दोन कार्बोरेटर, दोघांना स्वतंत्र फिल्टर. "आता ही मोकळा श्वास घेणार साठेनू!" म्हणत त्यांनी ते माझ्या डोळ्यांसमोर नाचवले.

त्या रविवारी गाऱ्हाणं अंमळ जास्तच लांबलं. किक बसली, गाडी गोड घुरघुरू लागली. दाजींनी मूठ पिळली मात्र, 'फट्' करून कार्बोरेटरमधून उलटा बार निघाला आणि गाडी बंद. पुन्हा चालू, पुन्हा फट्. गॅलरीतून पत्र्यावर खडा पडला.

"हवापाणी बदललं की माणसाचंसुद्धा पोट बिघडतं," दाजी कपाळ पुसत म्हणाले. मग त्यांनी मला खाली बसवून सगळं समजावलं. कार्बोरेटर हवेत पेट्रोल कालवून इंजिनाला भरवतो. नव्या जाळीतून हवा पूर्वीपेक्षा जास्त यायला लागली, पण पेट्रोल होतं तेवढंच राहिलं. म्हणजे आमटीत पाणी जास्त झालं. त्यावर उपाय म्हणजे पेट्रोल वाढवणं. ते जेटमधून येतं. जेट म्हणजे मधोमध सुईएवढं भोक असलेला पितळेचा चिमुकला खिळा. मोठ्या भोकाचा जेट लावायचा, दोन्हीकडे सारखा. पण किती मोठा? ते इंजिनात ठिणगी पाडणारा प्लगच सांगतो. चढावर गाडी पूर्ण मूठ पिळून न्यायची, तिथेच इंजिन बंद करायचं, आणि प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग बघायचा. पांढरा असेल तर पेट्रोल कमी. काळा असेल तर जास्त. आणि बरोबर असेल तर...

"बदामी?" मी म्हणालो.

"बदामी!" दाजींनी माझ्या पाठीवर थाप मारली. तो तेलाचा पंजा माझ्या सदऱ्यावर कायमचा राहिला.

मग दाजींचे रविवार सुरू झाले. मुलुंड कॉलनीकडे डोंगराच्या पायथ्याशी जाणारा चढ आहे, तिथे ते गाडी पळवत न्यायचे आणि इंजिन बंद करून उतारावरून आवाज न करता घरंगळत सोसायटीच्या फाटकात यायचे. एरवी त्यांच्या येण्याची वर्दी रस्ताभर असायची, त्यामुळे हे निःशब्द येणं बघायला पोरं कठड्यावर बसत. शेडमध्ये पाटावर वर्तमानपत्र पसरलेलं असे. त्यावर फडक्यात धरून काढलेला गरम प्लग ठेवायचा आणि त्याच्या शेजारी एक बिस्किट. दाजी उकिडवे बसून आधी प्लगकडे, मग बिस्किटाकडे, मग पुन्हा प्लगकडे बघायचे. जगात अनेकांनी कार्बोरेटर जुळवले असतील, पण बिस्किट मांडून नसावेत.

मोठा जेट लावला, पांढरेपणा कमी झाला. त्याहून मोठा लावला, आणखी कमी झाला. मध्येच दोन्ही कार्बोरेटर सारखे ओढतात का ते बघायला त्यांनी फिल्टर काढून, रबरी नळी कानाला लावून दोन्हीकडचा सूंसूं ऐकला आणि स्क्रू फिरवून एकसारखा केला. फिल्टर परत लावले तर पुन्हा बेसूर. "छ्या! मुंडावळ्या काढून नवरा बघितला," ते म्हणाले. मग फिल्टर जागेवर ठेवूनच, दोन्ही सायलेन्सरच्या तोंडाशी दोन तळहात धरून, धुराचा मार दोन्हीकडे सारखा बसेपर्यंत जुळवलं. डोळे मिटून, मागे वाकून, दोन्ही हात पसरलेले दाजी. शुभा म्हणाली, "हे गाडीला आशीर्वाद देतायत का घेतायत?"

वास्तुशांतीच्या आदल्या रविवारी प्लग आणि बिस्किट तंतोतंत जुळलं. मीही पाहिलं. डावा प्लग, उजवा प्लग, बिस्किट, तिन्ही एका रंगाची. "बदामी!" दाजींनी आरोळी ठोकली. सगळी सोसायटी गॅलरीत जमली. दाजींनी किक मारली आणि मूठ पिळली.

गाडी खोकली. चांगली छातीतून, दमेकऱ्यासारखी. सायलेन्सरमधून काळा धूर निघाला आणि पहिल्या मजल्यावर वाळत घातलेल्या कर्णिकांच्या धोतराकडे गेला. कर्णिक काही बोलले नाहीत, त्यावरूनच प्रसंग किती गंभीर होता ते कळावं.

दाजींनी पुन्हा प्लग काढले. रंग तोच. बिस्किटासारखाच. त्यांनी पेट्रोल पंपवाल्यावर संशय घेतला, कॉइलवर घेतला, कुर्ल्याच्या बाजारावर घेतला. सगळं सोडलं, पुसलं, जोडलं. गाडी खोकतच राहिली. एकेक करून गॅलऱ्या रिकाम्या झाल्या. दाजी पाटाशेजारी जमिनीवरच बसले. पुढच्या रविवारी वास्तुशांत होती. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "साठेनू, ती ट्रकात बसान जायत हो." ते हे हसत म्हणाले नव्हते. मी पाना उचलून उगाच पुसत बसलो.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. वयनी हातात चहाचा कप घेऊन खाली येत होत्या. दाजी सकाळपासून चहाला वर गेले नव्हते. विक्रोळीच्या फाटकाच्या प्रकरणानंतर वयनींनी शेडमध्ये पाऊल टाकल्याचं कोणी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी कप पाटावर ठेवला आणि वर्तमानपत्राकडे बघितलं.

"ह्या काय मांडलास? नैवेद्य?"

"नैवेद्य नाय गो. रंग बघतंय. प्लगाचो रंग बिस्कुटासारखो व्हया," दाजी त्रासून म्हणाले. "झालो आसा. बघ. तरी खोकता."

वयनींनी बिस्किट उचललं, दोन्ही बाजूंनी बघितलं आणि अगदी सहज विचारलं, "पण ह्या बिस्कुट तर नापासाचा मां?"

दाजींनी बिस्किट त्यांच्या हातातून घेतलं, उन्हात नेलं आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. ते बिस्किट लाल होतं. भट्टीवर असं बिस्किट दिसलं असतं तर दाजींनी अख्खा पट्टा थांबवला असता. पण ते घरच्या डब्यातलं होतं, आणि घरच्या डब्यात गेली वीस वर्षं याच रंगाचं बिस्किट असायचं. घरात बसल्यावर दाजींच्या डोळ्यांना तोच बदामी वाटू लागला होता. नापास बिस्किटाला प्रमाण मानून त्यांनी इंजिनही नेमकं तेवढंच नापास केलं होतं.

मला हसू फुटत होतं. पण दाजींच्या चेहऱ्याकडे पाहून ते जिरलं. त्यांचे डोळे भरले होते. मला वाटलं, एवढी मेहनत फुकट गेली म्हणून असेल. ते कारण नव्हतं.

"सुमन," ते म्हणाले. चारचौघांत त्यांनी वयनींना नावाने हाक मारलेली मी पहिल्यांदाच ऐकली. "रोज पास झालेला बिस्कुट दुनियेक धाडतंय. आणि तुका मी एकदापण पासाचा बिस्कुट हाडून घातलंय नाय."

वयनींनी पदर खांद्यावर घेतला. "माका नापासच आवडता," त्या म्हणाल्या. "पासाचा मिळमिळीत लागता." आणि निवलेला चहा परत गरम करायला घेऊन गेल्या. हे त्या खरं बोलल्या की नवऱ्याला बरं वाटावं म्हणून बोलल्या, ते मला आजवर कळलेलं नाही. पण त्या क्षणी मला त्या दोघांचा इतका लोभ वाटला की बस्स.

दाजी तसेच, तेलाच्या हातांनी, अर्ध्या चड्डीत नाक्यावर गेले आणि आपल्याच कारखान्याचा एक पुडा विकत घेऊन आले. दुकानदार नुसता बघत राहिला म्हणे. पुड्यातलं पहिलं बिस्किट त्यांनी वर नेऊन दिलं. दुसरं पाटावर मांडलं. त्याच्याशेजारी प्लग सरळ करपलेले दिसत होते, म्हणजे पेट्रोल जास्त. एक पायरी लहान जेट लावला, चढावर जाऊन घरंगळत परत आले आणि प्लग काढला. या वेळी त्यांनी आरोळी ठोकली नाही. वर गॅलरीकडे बघून नुसता अंगठा आणि तर्जनी जुळवून दाखवली. पत्र्यावर खडा पडला नाही.

पुढच्या रविवारी नऊ वाजता (ठरावाप्रमाणे) सगळी सोसायटी खाली उतरली. दाजींनी पांढरी पँट घातली होती. वयनी फिकट पिवळी साडी नेसल्या होत्या. काळा डाग लगेच उठून दिसेल असा नेमका रंग त्यांनी निवडला होता. मांडीवर आहेराची पिशवी.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां घोडबंदरच्या वाटेन जातत. गायमुखच्या चढार सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"काय खोकलो, पडसा आसात, तो हयच ठेवन घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले, आणि त्यात एक बारीक आवाज मागच्या सीटवरूनही आला. दाजींनी वळून पाहिलं नाही. त्यांनी किक मारली आणि गाडी गेली. कोपऱ्यावरून वळल्यावरही बराच वेळ आवाज येत होता, स्वच्छ आणि सारखा.

त्या दिवशी दुपारी सोसायटीत कोणी झोपलं नाही. मी खिडकीत वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो आणि एकच पान वाचत होतो. कर्णिक फाटकापाशी शतपावली करत होते, जेवून चार तास झाले तरी. ऊन उतरल्यावर लांबून आवाज आला. कान देऊन ऐकलं. खोकला नव्हता.

वयनी उतरल्या. पाठीमागचा सोगा पुढे घेऊन त्यांनी उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला. दाजी हँडल धरून परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तसे उभे होते. वयनींनी सोगा सोडला, पिशवी उचलली आणि जिन्याकडे चालू लागल्या. पहिल्या पायरीवर थांबल्या.

"फुडल्या आयतवारी खंय?" त्यांनी विचारलं.

पुढे दोनतीन वर्षांनी आम्ही दिंडोशीला जागा घेतली आणि मुलुंड सुटलं. नव्या जागेत रविवारी मला कोणी उठवत नव्हतं, तरी नऊला जाग यायची ती यायचीच. बिस्किटं विकत आणावी लागत आणि ती मला थोडी मिळमिळीत लागत.

दाजींना मी शेवटचं पाहिलं ते बऱ्याच वर्षांनी, त्याच घोडबंदरच्या रस्त्यावर. ठाण्याहून एसटीने बोरिवलीला येत होतो. गायमुखचा चढ संपतो तिथे पुढे एक ट्रक आडवा झाला आणि आमची गाडी थांबली. खिडकीतून पाहिलं तर झाडाखाली ती मोटारसायकल उभी. मला वाटलं, बंद पडली. हाक मारणार होतो, पण थांबलो.

दाजी उकिडवे बसले होते. केस पांढरे झाले होते. फडक्यात धरलेला प्लग त्यांनी वर उजेडाला केला. शेजारी वयनी वाकून उभ्या होत्या आणि त्यांनी प्लगाला लावून एक बिस्किट धरलं होतं. डोळे बारीक करून त्या बराच वेळ बघत राहिल्या. दाजी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मग वयनींनी मान डोलावली. दाजींनी प्लग परत बसवला, हात पुसले. ट्रक हलला, आमची एसटी सुरू झाली. मी मान वळवून पाहिलं तेव्हा वयनींनी त्या बिस्किटाचे दोन तुकडे केले होते आणि मोठा तुकडा दाजींच्या पुढे धरला होता.